काऊचा घास

पक्ष्यांचं मला कधीच कौतुक नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण हल्ली आमच्या कंपनीत मला पक्षीवाला म्हणतात. चेन्नईत नव्याने आलेली मराठी पोरं गळ्यात दुर्बीण अडकवून मला विचारायला येतात की रोहित पक्षी कुठे आणि कधी दिसतील. मला काय माहीत? मला एक घार माहीत आहे, आणि तीही मीच बिघडवून ठेवलेली.

तेव्हा मी चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीत एका मॅन्शनमध्ये राहत होतो. मॅन्शन म्हटलं की गावाकडच्या लोकांच्या डोळ्यांपुढे भलतंच काहीतरी येतं. प्रत्यक्षात ती तीन मजली इमारत, मजल्यामजल्यावर लांबलचक व्हरांडा, त्याला लागून खोल्या, खोलीत दोन लोखंडी खाटा आणि एक पंखा. राहणारे सगळे सडे पुरुष. कुणी औषधांच्या कंपनीचा विक्रेता, कुणी चौथ्यांदा परीक्षेला बसलेला. माझी खोली सगळ्यात वर, गच्चीला चिकटून. उन्हाळ्यात तिथे माणूस पापडासारखा भाजून निघतो, म्हणून ती कुणी मागत नसे. माझ्या खोलीत एक नागपूरचा मुलगा होता. तो मार्चमध्ये नोकरी बदलून हैदराबादला गेला आणि त्याच्याबरोबर माझं रोजचं मराठी बोलणंही गेलं.

नोकरी गिंडीला, एका कारखान्यात, क्वालिटी विभागात. गाडीच्या ब्रेकमध्ये बसणाऱ्या पिना तपासायच्या. त्यासाठी एक गेज असतं. त्याच्या एका तोंडातून पिन गेली पाहिजे आणि दुसऱ्या तोंडातून जाता कामा नये. मधलं काही नाही. पिन पुढे जाते, नाहीतर लाल पेटीत पडते. दिवसभर हेच करत राहिलं की माणूस जरा तिरसट होतो. मी तर आधीपासूनच होतो.

त्या कारखान्यात मराठी येणारं माणूस एकच होतं, डिस्पॅचला बसणाऱ्या अक्का. तंजावरकडचं मराठी घराणं, कित्येक पिढ्या इकडेच. त्यांचं मराठी जुन्या पोथीतून उठून आल्यासारखं, आणि त्याला चाल तमिळची. मी भरभर बोललो की त्या म्हणायच्या, "सावकाश बोल की, मला कळना." मग आम्ही दोघंही हताश होऊन तमिळ-इंग्रजीच्या खिचडीवर यायचो. तेव्हा तिथेही माझी भूक भागत नव्हती.

एप्रिलच्या शेवटी एका रविवारी समोरच्या घरच्या नारळावर माणूस चढला. उन्हाळ्यात वाळलेल्या झावळ्या आणि जुने नारळ काढतात, तसं काढत होता. एक झावळी आमच्या गच्चीच्या कठड्यावर आपटून खाली गेली, आणि तिच्यातून काहीतरी गच्चीवर पडलं. जाऊन पाहिलं तर गादीतून निसटलेल्या मळकट कापसाचा गोळा असावा तसं एक पिल्लू. त्याच्या पंखांत नुकत्याच पिसांच्या काड्या फुटत होत्या. डोळे उघडे, आणि नजर अशी की जणू माझीच काहीतरी चूक झाली आहे. तोवर आठ-दहा कावळे जमले होते. मी टॉवेल फिरवून त्यांना हाकललं.

मग घार आली.

आमच्या गावाकडे घार दिसली की अख्खी आळी ओरडायला लागते. बायका हातातलं काम टाकून कोंबडीची पिल्लं डालग्याखाली झाकतात. मी पाच-सहा वर्षांचा असल्यापासून हेच काम केलेलं. घार आली की हात वर करून बोंब मारायची, हे अंगातच भिनलेलं. ही घार खाली यायची, माझ्या डोक्यावरून जायची, वळून पुन्हा यायची, आणि थरथरत्या शिटीसारखा आवाज काढायची. मी टॉवेल फिरवत होतो. प्लास्टिकचा मग फेकून मारला. एकदा तर ती कठड्यावर येऊन बसली, पिल्लापासून चार हातांवर, तेव्हा मी झाडू घेऊन धावलो. दोन तास मी तिला टिकू दिलं नाही. आयुष्यात दुसरं काही मी इतक्या नेटाने केलेलं आठवत नाही. शेवटी ती गेली. मी घामाघूम झालो होतो, आणि खरं सांगायचं तर स्वतःवर भयंकर खूश होतो.

पिल्लू मी खोलीत आणलं. पिना ज्या खोक्यातून येतात त्यातलं एक खोकं माझ्याकडे होतं, त्यात जुना बनियन अंथरला आणि त्याला ठेवलं. ते कशाचं पिल्लू हे मला कळत नव्हतं, पण चोच आकडीसारखी होती. तेवढ्यावर मी ठरवून टाकलं की हे गरुडाचं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तसंच सांगितलं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सकाळी एक बाई मासे घेऊन बसायची. तिच्याकडून तारल्या आणल्या, इकडे त्यांना मत्ती म्हणतात. ब्लेडने बारीक तुकडे केले. पिल्लू तोंड उघडेना. तुकडा चोचीला लावला तर मान फिरवायचं. अख्खी सकाळ गेली. कामावर जायची वेळ झाली, मी रडकुंडीला आलो. मला लहान जिवाला भरवायची एकच पद्धत माहीत होती, जी बहिणीच्या मुलीवर वापरली होती, आणि माझ्यावर आईने वापरली होती. आपल्याकडे प्रत्येक घरात तीच असते. मी तुकडा चिमटीत धरला, हात वरून गोल फिरवत आणला आणि म्हणालो, "हा घास काऊचा."

त्याने आ केला.

माझा जीव भांड्यात पडला. मग चिऊचा झाला, मनीमाऊचा झाला, पुन्हा काऊचा. आदल्या दिवशी कावळे त्याला फाडून खायला बसले होते, आणि मी कावळ्याच्याच नावाने त्याला भरवत होतो, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

पुढचे सहा आठवडे मी कधी नव्हतो एवढा सुखात होतो. सकाळी कामावर जायच्या आधी, जेवणाच्या सुट्टीत कधी धावतपळत बसने येऊन, आणि संध्याकाळी. भरवताना मी त्याच्याशी बोलायचो. काय वाटेल ते. सुपरवायझर कसा मूर्ख आहे, सांबाराला आज कसली चवच नव्हती, आईने पुन्हा कुठल्या तरी मुलीचा फोटो पाठवलाय. माणसाला स्वतःच्या भाषेत चिडायला मिळालं नाही की ते सगळं आतच साठून राहतं. मी दोन महिने साठवलेलं त्या खोक्यात ओतत होतो. ते मान वाकडी करून ऐकायचं. पुढे पुढे नुसतं "हा घास" म्हटलं तरी पंख अर्धे पसरून थरथरवायचं आणि चिरक्या आवाजात ओरडायचं. मला वाटायचं, काय हुशार आहे! शेजारच्या खोलीतल्यांना बोलावून मी हा खेळ दाखवला. दोघांनी व्हिडिओ काढले.

मग पिसं आली, वास आला, खोलीभर विष्ठेच्या पांढऱ्या रेघा आल्या, आणि मॅन्शनच्या मॅनेजरने एक दिवस दार ठोठावलं. पक्षी तरी राहील नाहीतर मी. अक्कांनीच मला एका केंद्राचं सांगितलं. त्यांची नातवंडं शाळेच्या सहलीला तिकडे गेली होती. शहराच्या दक्षिणेला, समुद्राच्या बाजूला, सुरूच्या झाडांत एक छोटं अभयारण्य आहे. जखमी होऊन आलेले आणि परत उडून जाऊ न शकणारे शिकारी पक्षी तिथे राहतात, आणि शाळांच्या सहली रविवारीही त्यांना पाहायला येतात. मी खोकं मांडीवर घेऊन दोन बस बदलून गेलो. वाटेत मनातल्या मनात उत्तरं तयार केली होती. म्हणजे, मला कोणी विचारलं की एवढं नाजूक पिल्लू कसं जगवलंत, तर कसं नम्रपणे बोलायचं वगैरे.

तिथल्या डॉक्टर बुटक्या, भराभरा चालणाऱ्या, आणि बोलताना माणसाकडे न पाहता पक्ष्याकडे पाहणाऱ्या. त्यांनी खोकं उघडलं, पंख ताणून पाहिले, पाय पाहिले.

"घार आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "तब्येत छान आहे."

घार म्हटल्यावर माझा गरुड तिथेच संपला, पण तब्येतीचं ऐकून बरं वाटलं.

"पडल्यावर आई आसपास दिसली नाही? टोपलीत घालून कठड्यावर ठेवलं असतं तरी तिने तिथे येऊन भरवलं असतं."

"नाही," मी म्हणालो. "आई कुठेच नव्हती. फक्त एक घार सारखी..."

आणि मी थांबलो. डॉक्टरांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. मला तो कठडा दिसत होता, आणि हातात झाडू घेतलेला मी.

मग त्यांनी विचारलं, "खाताना याला काय दिसायचं?"

"म्हणजे?"

"भरवताना तोंडावर कापड घेत होतात का? हात झाकत होतात का?"

"नाही. मी होतो समोर. मी बोलायचो त्याच्याशी."

त्यांनी खोकं बंद केलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी शांतपणे, शाळेतल्या मुलांना सांगतात तसं सांगायला लागल्या. या वयात पिल्लू ज्याला पाहून खातं त्याला ते आपलं मानतं. याला माणूस आपला वाटतो. याला सोडलं तर हे भूक लागल्यावर माणसांकडे जाईल. शाळेच्या मैदानात डबा खाणाऱ्या मुलांच्या अंगावर उतरेल. नख्या केवढ्या आहेत पाहा. लोक काठ्या घेतील. किंवा कुणीतरी याला पकडून पिंजऱ्यात कोंडेल. "आम्ही पिल्लांना भरवतो तेव्हा कुणी एक शब्दही बोलत नाही," त्या म्हणाल्या.

"मग आता?"

"वर्षभर प्रयत्न करू. मोठ्या जाळीत दोन जंगली घारी आहेत, बऱ्या होत आलेल्या. त्यांच्यात ठेवू. माणूस दिसू द्यायचा नाही, ऐकू द्यायचा नाही. विसरलं तर सोडू. पण तुम्ही मात्र यायचं नाही."

वनखात्याला कळवण्यासाठी एक कागद त्यांनी माझ्याकडून भरून घेतला. पिल्लू कसं मिळालं या रकान्यात मी 'गच्चीवर सापडले' एवढंच लिहिलं.

तिथे पक्ष्यांची देखभाल करणारे एक वयस्क गृहस्थ होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत, म्हणून मीही. निघताना त्यांनी मला बाकीचे पक्षी दाखवले, बहुधा माझा चेहरा बघवेना म्हणून. एक डोळा गेलेलं गव्हाणी घुबड. काचेवर आपटून खांदा मोडलेला शिक्रा. आणि एक ब्राह्मणी घार, तांबूस अंगाची, पांढऱ्या डोक्याची. पतंगाच्या मांजाने तिचा उजवा पंख कोपरापासून गेला होता. इकडे लोक तिलाच विष्णूचा गरुड मानतात. पाहायला आलेल्या बायका चपला काढून तिला हात जोडत होत्या, स्वतःच्या गालांवर हलकेच चापट्या मारत होत्या. एक पंख नसलेली ती खालच्या दांडीवर बसून त्यांच्याकडे पाहत होती. पलीकडे हिरव्या कापडाने झाकलेली मोठी जाळी होती. तिकडे कुणी हात जोडत नव्हतं.

"साध्या घारीला कोण नमस्कार करतो, तंबी?" अण्णा म्हणाले. तंबी म्हणजे धाकटा भाऊ.

यायचं नाही म्हटलं तरी तिसऱ्या रविवारी मी गेलोच. मला वाटलं, नुसतं लांबून, इतर लोकांसारखं जायचं. डोक्यावर टोपी घातली, तोंड उघडायचं नाही हे पक्कं ठरवलं. घुबडासमोर उभा होतो, हिरव्या जाळीपासून चांगला वीस-पंचवीस पावलांवर. फोन वाजला. आई. मी सवयीने उचलला.

"हां आई, बोल. नाही नाही, बाहेर आलोय जरा..."

जाळीच्या मागून ते ओरडलं. तोच चिरका, भुकेचा आवाज, थांबता थांबेना. मी फोन बंद केला तरी थांबेना. मुलांच्या रांगेतल्या बाई विचारायला लागल्या की कोणता पक्षी ओरडतोय. डॉक्टर त्यांच्या खोलीतून बाहेर आल्या आणि सरळ माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"तीन आठवडे ते माणसाकडे पाहून ओरडलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "एकदाही नाही. आता पुन्हा पहिल्यापासून. तुम्हाला ते जायला हवंय ना बाहेर?"

"हवंय."

"मग जा."

बसमध्ये आईचा पुन्हा फोन आला. मी तिच्यावर उगाचच खेकसलो. तिला बिचारीला काय माहीत? तिने फक्त जेवलास का म्हणून विचारलं होतं.

त्यानंतर मी खरंच गेलो नाही. वर्ष काढलं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी अण्णांना फोन करायचो, आणि ते दोन वाक्यांत सांगायचे. आता उंच दांडीवर बसतं. आता दुसऱ्या घारीच्या नखीतलं हिसकावून खातं. आता अण्णा दिसले की लांब जातं. हे शेवटचं ऐकून मी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना चहा पाजला. कारण काही सांगितलं नाही.

गिंडीला आमच्या कारखान्यावर दुपारी घारी फिरतात. वर्कशॉपचा पत्रा तापला की त्याच्यावरून गरम हवा चढते, त्या हवेवर पंख न हलवता तरंगत राहतात. जेवण झालं की मी बाहेर उभा राहून बघायचो. त्यांतल्या एखादीने कधी खाली माणसाकडे बघितलं असेल तर मला तरी दिसलं नाही. आपल्या पिल्लानेही असंच व्हावं, माझ्याकडे ढुंकूनही पाहू नये, असं मी मनापासून मागत होतो. देवाकडे मी सहसा काही मागत नाही. मैलापूरच्या देवळात जाऊन तेही करून आलो.

अक्कांना मी सगळं सांगितलं होतं. त्या डबा खाता खाता थांबल्या.

"माझीं नातवंडं अस्की विसरलीं की मराठी," त्या म्हणाल्या. अस्की म्हणजे सगळी. "मी रोज बोलते, तरी विसरलीं. हें एवढंसं पाखरूं. हें कां विसरना?"

"विसरेल," मी म्हणालो. अक्कांच्या नातवंडांवर माझी एवढी भिस्त होती.

पुढच्या वर्षी पोंगल होऊन गेला, उन्हाळाही सरला, आणि जूनच्या शेवटी डॉक्टरांचाच फोन आला. दोन जंगली घारी सोडून झाल्या होत्या, उरली होती ही. उडते छान, शिकार पकडते, आम्हा कुणाकडे बघत नाही. शेवटची एकच तपासणी राहिली आहे, त्यासाठी तुम्ही या. रविवारी सकाळी, लोक यायच्या आधी.

मी गेलो. डॉक्टरांच्या हातात कागद लावलेली पाटी होती. हिरवं कापड एका बाजूने गुंडाळून वर केलं होतं. आणि आत, वरच्या दांडीवर, ते. मी त्याला अजून पिल्लूच म्हणतो, पण पिल्लू कसलं? पूर्ण वाढलेली घार, काळपट तपकिरी, शेपटी मधून दुभंगलेली, डोळ्यांत ती कोरडी, रागीट नजर. मला अभिमान वाटला, आता लपवून काय करू.

आधी डॉक्टर जाळीजवळ जाऊन उभ्या राहिल्या. काही नाही. मग अण्णा, रिकामा हात वर करून. ते दांडीवर दोन पावलं पलीकडे सरकलं. डॉक्टरांनी खूण केली. मग मी. तोंड न उघडता उभा राहिलो. त्याने माझ्यावरून नजर फिरवली आणि सुरूच्या झाडांकडे पाहिलं. मला भयंकर आनंद झाला.

"आता बोला," डॉक्टर म्हणाल्या.

"काय बोलू?"

"काहीही. तुमच्या भाषेत."

मी म्हणालो की आज रविवार आहे, बसला गर्दी नव्हती, माझी नोकरी अजून तीच आहे. त्याने मान जराशी फिरवली. बस. डॉक्टरांनी पुन्हा खूण केली.

"भरवताना काही ठरावीक म्हणत होतात?"

इथे मी नाही म्हणू शकलो असतो. त्या आवारात मराठी कळणारं दुसरं कुणी नव्हतं. "नाही, असंच बोलायचो" एवढं म्हणालो असतो तर त्याच आठवड्यात जाळीचं छत उघडलं असतं.

"हो," मी म्हणालो. "एक वाक्य होतं."

"म्हणा."

मी म्हणालो. हाताची घडी घालून, बँकेत खाते क्रमांक सांगावा तसं. "हा घास काऊचा." ते हललं नाही.

डॉक्टर लिहिता लिहिता थांबल्या. "असंच म्हणत होतात? अशाच आवाजात?"

अण्णा माझ्याकडे बघत होते. त्यांना भाषा कळत नव्हती, पण त्यांनी आयुष्यभर लेकरांना आणि पक्ष्यांना भरवलं होतं. हो म्हण, असं मी स्वतःला सांगत होतो. हो म्हण गाढवा, एकच शब्द आहे. आणि दुसरीकडे मला शाळेचं मैदान दिसत होतं, डबे उघडून बसलेली पोरं, आणि त्यांतल्या एखाद्याची आई, धाकट्यालाही सोबत आणून त्याला घास भरवतेय. ती मराठीच असेल असं नाही. पण तोच हात, तीच चाल. भरवायची चाल सगळीकडे सारखीच. आणि वरून हे उतरतंय, भुकेलं, खुशीत. मग काठ्या.

पिन अर्ध्या केसाने जाड असली आणि मी ती पुढे सोडली, तर कुठल्या तरी रस्त्यावर कुठला तरी ब्रेक लागत नाही. हे मला रोज माहीत असतं.

"नाही," मी म्हणालो. "असं नाही."

मी पुढे झालो. जाळीला चिकटून उभा राहिलो. उजव्या हाताची चिमटी केली, हात वर नेला, गोल फिरवत खाली आणला, आणि जसं म्हणायचो तसं म्हणालो. आवाज आपोआप तसा झाला.

"हा घास... काऊचा."

ते वरून खाली पडल्यासारखं आलं. माझ्या समोरच्या दांडीवर आदळलं, एवढे मोठे पंख अर्धे पसरून थरथरवायला लागलं, मान खाली, चोच उघडी, आणि तो आवाज. एवढी मोठी घार आणि आवाज खोक्यातला. सबंध वर्षात तो जराही बदलला नव्हता.

आणि मला आनंद झाला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. एक क्षणभर, डॉक्टरांचं पेन कागदावर टेकायच्या आधी, मला फक्त एवढंच वाटलं की याने मला ओळखलं, हे मला विसरलं नाही. वर्षभर मी देवाकडे नेमकं उलटं मागत होतो. त्या क्षणाची मला आजही लाज वाटते, आणि तो परत मिळाला तर मला हवाच आहे.

डॉक्टरांनी दोन ओळी लिहिल्या. काय लिहिलं ते मी पाहिलं नाही.

"किती वर्षं जगते घार?" मी विचारलं.

"बाहेरच्यापेक्षा इथे जास्त," त्या म्हणाल्या. "वीस, पंचवीस. जास्तही." मग अण्णांना तमिळमध्ये काहीतरी म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "भरवा हवं तर."

"भरवू?"

"आता काही फरक पडत नाही."

वर्षभर मला याच परवानगीची आस होती. अण्णांनी स्टीलची वाटी आणून माझ्या हातात दिली. मांसाचे सहा-सात तुकडे होते. "दे, तंबी," ते म्हणाले, आणि तिथून बाजूला झाले. फाटकाजवळ शाळेची पहिली बस येऊन थांबल्याचा आवाज आला.

मी जाळीतून एकेक तुकडा दिला. काऊचा. चिऊचा. मनीमाऊचा. इतक्या मोठ्या चोचीने ते माझ्या बोटांना धक्काही न लावता घेत होतं. पुन्हा काऊचा. मुलं रांगेत येऊन माझ्या मागे उभी राहिली. कुणीतरी त्यांना सांगत होतं की पक्ष्याशी बोलू नका. पुन्हा चिऊचा. मी वाटीत हात घातला तर वाटी संपली होती. मी रिकामी चिमटी दाखवली, हात उलटा करून दाखवला, मराठीत सांगितलं की संपलं रे, आता नाही. त्याला त्यातलं काय कळणार? त्याने माझा आवाज ऐकला आणि आणखी मोठा आ केला.